काझी सरांचे अल्फा कण

किस्से कुणी ठरवून गोळा करत न्हाय हो. खडूच्या भुकटीसारखे ते बाहीला लागून घरी येतात, आणि बायकोनं सदरा झटकला की कळतं केवढे साठलेत! आमच्या उस्मानाबादच्या हायस्कुलात मी ड्रॉइंग मास्तर होतो. माझ्या बाहीला सगळ्यात जास्त किस्से लागले ते काझी सरांचे. आता तुम्ही बसलाच आहात, चहा सांगितलाच आहे, तर ऐका. मधे कुणी बोलायचं न्हाय. मला मधे बोललेलं चालत न्हाय.

आधी काझी सर कोण ते सांगतो. सायन्सचे मास्तर, खास उस्मानाबादचे. वाडवडील सगळे इथलेच. निजामाच्या अमदानीत हैदराबादला जाऊन उर्दूतनं बी.एस्सी. झालेले. मग राज्य गेलं, पुढं आम्ही मुंबई राज्यात गेलो, आणि उर्दू शाळेची मराठी शाळा झाली. आता सरांना मराठी येत नव्हती असं म्हणाल तर भांडण होईल! बाजारात वांग्याचा भाव ते माझ्यापेक्षा फर्ड्या मराठीत करायचे. पण सायन्स त्यांच्या डोक्यात उर्दूत बसलेलं. अणू, गाभा, कण म्हणायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची.

अशात वरनं हुकूम आला. इन्स्पेक्टर साहेब येणार, सरांचा एक पाठ मराठीतनं ऐकणार. पसंत पडला तर नोकरी कायम. न्हाय पडला तर सरांनी हैदराबादला मामाच्या कापड दुकानात बसायचं. घरी म्हातारी आई. तिला उस्मानाबादच्या वेशीबाहेर झोप लागत नसे.

हेडमास्तर नळदुर्गकर जीव मुठीत धरून जगणारे. म्हणाले, "काझी, सोपा धडा घ्या. पाण्याची वाफ, वाफेचं पाणी. कशाला जोखीम?"

सर म्हणाले, "सर, पाण्याची वाफ तर घरोघरी होते. मी अल्फा कण दाखवणार."

"अणूच्या पोटातला कण? या शाळेत? अहो, आपल्याकडं घंटा सुद्धा न्हाय, रुळाचा तुकडा बडवतो आपण!"

सर नुसतं हसले. तिथनं सगळं सुरू झालं.

*

पाठाचा तक्ता काढायचं काम माझ्याकडं आलं. मी आधीच सांगितलं, "सर, कळल्याशिवाय मी चित्र काढत न्हाय. अल्फा कण म्हणजे काय ते मला समजावून द्या."

सरांनी चहाची बशी पुढं ओढली. "दादाराव, अणूच्या मधोमध गाभा असतो. रेडियमसारख्या जड अणूचा गाभा इतका गच्च भरलेला असतो, की तो तसा टिकत न्हाय. कधीतरी त्यातला एक तुकडा सुसाट बाहेर पडतो. दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन, चौघं मिळून. त्याला अल्फा कण म्हणायचं."

"चौघंच का? एकटा दुकटा का न्हाय निघत?"

"त्या चौघांची दोस्ती लई पक्की."

मला एकदम गंमत वाटली. शाळेत असताना हे असं कुणी सांगितलं असतं तर मी ड्रॉइंगकडं वळलो असतो का, देव जाणे. ब्रश भिजवला आणि विचारलं, "रंग कुठला देऊ?"

"रंग नसतो त्याला."

"बरं, आकार?"

"सांगता येत न्हाय."

"मग केवढा काढू?"

"काढता येणार न्हाय, इतका बारीक."

मी ब्रश ठेवला खाली. माझं डोकं तापलं होतं. "रंग न्हाय, आकार न्हाय, काढता येत न्हाय! मग मी नेमकं करू काय, ते तरी सांगा!"

सरांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "तक्ता जरा मोठा घ्या."

*

तक्ता झाला, पण खरा कण दाखवायचा कसा? त्याला रेडियम पाहिजे. आमच्या प्रयोगशाळेत दोन परीक्षानळ्या, एक लोहचुंबक आणि एक मेलेला विंचू बाटलीत, एवढाच ऐवज!

पण येरमाळ्याला एक हवालदार होते. मोठ्या लढाईवर जाऊन आलेले, आता शेती बघायचे. त्यांच्या मनगटावर अंधारात चमकणारं घड्याळ होतं. सरांनी मला वाटेत समजावलं. त्या आकड्यांच्या रंगात रेडियम असतं आणि एक चमकणारी पूड असते. रेडियमचा अणू फुटला की अल्फा कण जाऊन त्या पुडीवर आपटतो आणि बारीकशी ठिणगी पडते. नुसत्या डोळ्याला सगळा मिळून मंद उजेड दिसतो. पण अंधारात लेन्स लावून बघितलं तर एकेक ठिणगी वेगळी दिसते!

"म्हणजे एक ठिणगी म्हणजे..."

"एक अणू फुटला. तुमच्या डोळ्यासमोर."

गाडी येरमाळ्याला थांबली तरी मला उठायचं भान न्हाय. कंडक्टर ओरडला तेव्हा उतरलो.

हवालदार मिशीला पीळ देत बाजेवर बसलेले. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "देतो की घड्याळ. पर बगणारी किती?"

"सगळा वर्ग."

"एवढ्यांनी बगितलं तर संपंल की ओ त्यातलं! आदीच पयल्यावानी चमकत न्हाय ते."

सर म्हणाले, "रेडियम आहे तसंच आहे, हवालदारसाहेब. पूड थकलीय. आणि बघून काही संपत न्हाय. ते आपोआप कमी होतं. निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात."

"सोळाशे?"

"सोळाशे."

हवालदारांनी मनगट डोळ्याजवळ नेऊन घड्याळाकडं नव्यानं बघितलं. मग घराकडं तोंड करून हाळी दिली, "अगं ए, ऐकलंस का! पोरास्नी सांग, जमीन वाटून घ्या म्हणावं, पर घड्याळ एकातच ठिवा. लई पिढ्या पुरतंय!"

*

घड्याळ शाळेत आलं आणि गावभर बोभाटा झाला, की काझी मास्तरनं शाळेत अ‍ॅटम आणलाय. चार दिवसांत पालक दारात! त्यातला एक तर माझ्याच गावचा, जळकोटचा. नात्यानं माझा मामा लागायचा. पोरगं इथं बोर्डिंगात ठेवलेलं. मामा खांद्यावरच्या घोंगडीसकट थेट स्टाफ रूममधी.

"दादाराव, म्या पोरगं घिऊन चाललो. शिकाया धाडलंय, जळून मराया न्हाय."

सरांनी मामाला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "मामा, घड्याळ आहे साधं. त्यातला कण फार लांब जाऊ शकत न्हाय. हवेतच दमतो. साधा कागद आडवा धरला तरी थांबतो."

"किती लांब जातो?"

सरांनी हाताची चार बोटं जुळवून टेबलावर आडवी ठेवली. "एवढं. त्याच्या पुढं न्हाय."

मामानं सरांच्या चार बोटांकडं बघितलं. मग स्वतःची चार बोटं शेजारी ठेवून ताडून बघितली. शेतकऱ्याची बोटं ती, सरांच्या दीडपट रुंद! बराच विचार केला.

"चार बोटं? नक्की?"

"नक्की."

"मग माझ्या पोराला पाच बोटं लांब बसवा!" असं म्हणून मामा घोंगडी सावरत निघून गेला.

*

दुसरा आला तो सराफ. पेठेत दुकान, पोरगा नववीत. हा भ्यायला नव्हता, उलट खूश होता. पोरानं घरी जाऊन सांगितलेलं, की रेडियममधनं अल्फा कण बाहेर पडला की ते रेडियम राहतच न्हाय, दुसरीच जिन्नस होते.

सराफानं आत येऊन दार लावलं. हळूच विचारलं, "सर, पोरगा म्हणतो ते खरं का?"

"खरं आहे शेठ. रेडियम गेलं की एक वायू होतो. तो फुटला की आणखी एक जिन्नस. तीही फुटते. असं मुक्काम करत करत शेवटी शिसं होतं. शिसं मात्र फुटत न्हाय, तिथं गाडी थांबली."

सराफाला गाडीची भाषा लगेच कळली. पुढं सरकून म्हणाला, "मधी किती मुक्काम लागतात?"

"बरेच लागतात."

"त्यात सोनं कुठं लागतं?"

"सोनं या रस्त्यावर लागत न्हाय, शेठ."

"एखादा फाटा?"

"फाटा पण न्हाय."

सराफ उठला. पायात जोडा घालता घालता वैतागून म्हणाला, "शेवटी शिसंच व्हायचं, तर एवढी उठाठेव कशाला म्हणतो मी!"

*

बाशूभाईचा किस्सा सांगताना मला अजून हसू येतं, पण त्या दिवशी हसलो नव्हतो. बाशूभाई आमचा घड्याळवाला. मुंबईहून रेडियम रंगाची इवलीशी बाटली आणलेली, आणि पुसट झालेले आकडे तो परत रंगवून द्यायचा. सर आणि मी लेन्स मागायला त्याच्याकडं गेलो. बाशूभाई मान खाली घालून काम करतोय. ब्रश बाटलीत बुडवला, टोकाला अणी यावी म्हणून ओठात धरला आणि...

सर एवढ्या जोरात ओरडले, की समोरचा पानवाला उभा राहिला! आवाज चढवलेले काझी सर मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. हातातला ब्रश हिसकावून घेतला, बाशूभाईला नळावर नेऊन चुळा भरायला लावल्या.

बाशूभाई रडवेला. "सर, आपणच तर सांगितलं होतं सगळ्यांना, कागदानं सुद्धा थांबतो म्हणून!"

"बाहेरनं आला तर कागद कशाला, कातडी पण थांबवते. पण रेडियमच पोटात गेलं तर? ते हाडांत जाऊन बसतं आणि आयुष्यभर आतल्या आत कणांचा मारा करतं. तिथं कागद धरायला तू जाणार आहेस का, बाशू?"

लहानपणी दोघं एका गल्लीत गोट्या खेळलेले. परत येताना लेन्स घ्यायची आठवण मलाच ठेवावी लागली.

बाशूभाईनं मात्र फार मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासनं दुकानात बसला तो तोंडावर कागदाची पट्टी बांधून! सकाळी एक जैन मारवाडी गिऱ्हाईक आलं, त्यानं बाशूभाईकडं बघितलं, चपला बाहेर काढल्या आणि हात जोडून खाली बसला.

*

आता अंधाराची गोष्ट. ठिणग्या दिसायच्या तर मिट्ट काळोख पाहिजे, आणि त्यात पाव तास तरी नुसतं बसायचं, म्हणजे डोळे सरावतात. उन्हाळ्याचे दिवस, शाळेवर पत्रे, पत्र्याला भोकं. वर्गात घोंगड्या टांगून बघितल्या, तरी वरनं उजेडाच्या काठ्या आत!

एका पालकानं तोड सांगितली. "आमच्या बळदात बसा की."

बळद म्हणजे भिंतीत बांधलेली ज्वारीची कोठडी. खाली माणूस वाकून शिरेल एवढं तोंड, आणि वर धाब्यावरनं, म्हणजे मातीच्या छतावरनं, धान्य ओतायला एक भोक. त्या वेळी ते रिकामं होतं. भोकावर दगड. आत हात डोळ्यासमोर धरला तरी दिसू नये असा काळोख!

सर, मी आणि हेडमास्तर नळदुर्गकर आत शिरलो. हेडमास्तरांची यायची इच्छा नव्हती, पण इन्स्पेक्टरांनी विचारलं तर आपण बघितलेलं असावं, म्हणून आले. टक्कल भिंतीला लागू नये म्हणून टोपी काढून मांडीवर ठेवलेली. तोंडाला आतनं पोतं लावलं. बसलो. कुणी बोलायचं न्हाय, हलायचं न्हाय.

घरच्या गड्याला यातलं कुणी काहीच सांगितलं नव्हतं. त्याला मालकानं आदल्या दिवशी ज्वारी बळदात टाकायला सांगितलेली. तो धाब्यावर चढला, दगडाला पोतं टेकवून दगड थोडा सरकवला आणि पोत्यानंच भोक झाकलं गेल्यामुळं उजेड आत आलाच न्हाय. आला तो पहिला मूठभर दाणा. तो बरोबर हेडमास्तरांच्या टकलावर.

हेडमास्तर दचकले, पण शिस्तीत गप्प बसले. मग आणखी थोडे दाणे. मग जरा जास्त.

काळोखात हेडमास्तरांचा घाबरा आवाज आला, "काझी! अहो काझी! तुमचे कण लागायला लागले हो!"

*

शेवटी शाळेतलीच नकाशांची खोली घेतली. तिला खिडकी नव्हती. माणसं मावतील दोन. फटी मी स्वतः शेणामातीनं लिंपल्या, दाराला आतनं दुहेरी घोंगडी लावली. आणि एके दुपारी सर आणि मी आत बसलो.

पहिल्यांदा काहीच न्हाय. मग घड्याळाच्या आकड्यावर पिवळट धूर असल्यासारखं. मी म्हणालो, "सर, धूर दिसतोय." सर म्हणाले, "थांबा, लेन्स डोळ्याला चिकटवा."

आणि मग दिसलं! धूर नव्हताच. बारीक बारीक ठिणग्या! इथं एक, तिथं एक, विझली, तिसरीकडं दोन. गरम तेलात मोहरी तडतडावी तशा, पण आवाज अजिबात न्हाय. माझ्या अंगावर काटा आला. सोळाशे वर्षं हे चालणार, आणि ह्या मनगटी घड्याळात, येरमाळ्याच्या माणसाच्या!

मला खोड लागली. आता कुठं चमकेल ते आधी ओळखायचं. तीनच्या आकड्यात डावीकडं... न्हाय, वर चमकली. वर बघावं तर खाली! मी चिडलो. "सर, आता कुठला अणू फुटणार, हे कशावरनं ठरतं?"

"कुणालाच ठाऊक न्हाय."

"तुम्हाला न्हाय, ते कळलं. मोठ्या मोठ्या शास्त्रज्ञांना?"

"त्यांना पण न्हाय, दादाराव. निम्मे कधी फुटतील ते सांगता येतं. यातला हा कधी, ते कुणालाच सांगता येत न्हाय. तो आत्ता फुटेल, न्हाय तर हजारो वर्षं तसाच बसेल."

मी लेन्स काढली न्हाय. पण सरांचा आवाज जरा वेगळा झाला होता. "मी पण तसाच बसलोय, दादाराव. साहेब येईपर्यंत."

अंधारात सरांचं तोंड दिसत नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला लई वाईट वाटलं.

*

पाठ मी मराठीत लिहून दिला आणि सर तो तोंडपाठ करायला लागले. विहिरीवर, रस्त्यात, नमाज झाल्यावर मशिदीच्या पायरीवर. एका संध्याकाळी मी सरांच्या घरी गेलो, तर सर आईसमोर उभे राहून पाठ म्हणत होते. अम्मी तांदूळ निवडत बसलेल्या. मराठी त्यांना सगळी समजायची.

पाठ संपला. अम्मींनी मान वर केली. "वो कण बाहर निकला सो, वापस आता क्या?"

"नै अम्मी."

"और पीछे जो रह गए उनका?"

"वो भी पहले सरीखे नै रहते. रेडियम रेडियम नै रहता, दूसराच कुछ होजाता."

अम्मी परत तांदळाकडं वळल्या. "होताइच ना बेटा. घर का एक बच्चा गया तो घर वहीच घर रहता क्या!"

सरांनी कोपऱ्यातली सुराही उचलली. आणि मला पाणी दिलं. मला तहान नव्हती, तरी सगळं प्यालो.

*

आणि साहेब आले! एप्रिलचं ऊन, जीप दारात. काळा कोट, गळ्याशी बटण लावलेलं, चेहऱ्यावर इस्त्री. त्यांच्या शुद्ध मराठीचा जिल्हाभर धाक. ते मूळचे कुठले, हे कुणाला माहीत नव्हतं. विचारायची छाती कुणाची?

हेडमास्तर पुढं धावले. "साहेब, च्या घेता?"

"चहा म्हणा," साहेब म्हणाले, आणि चहा घेतला न्हाय.

सर तक्त्यापाशी उभे. पाठ ओठावर होता, पण ओठ पांढरे पडलेले. मुलं चिडीचूप. साहेबांनी तक्त्याकडं बघितलं, सरांच्या शेरवानीकडं बघितलं. "आपणच का ते उर्दूतून पदवी घेतलेले?"

"जी... होय साहेब."

"विषय आपण अवघड निवडला आहे. हा कण आपण प्रत्यक्ष दाखवणार, असं कळलं. मी आधी साधन तपासतो. काही दिसलं नाही, तर पाठाचा प्रश्नच उरत नाही."

सर सांगायला गेले, की अंधारात पाव तास थांबावं लागतं, सोबत मी येतो. साहेबांनी हात वर केला. "मला सूचना नकोत." घड्याळ आणि लेन्स घेऊन एकटेच नकाशांच्या खोलीत शिरले. घोंगडी पडली, दार लागलं.

आम्ही बाहेर. सर, मी, हेडमास्तर.

सर पुटपुटत पाठ घोकत होते. मधेच अडले. परत पहिल्यापासनं. परत तिथंच अडले. माझ्याकडं बघून म्हणाले, "दादाराव, 'गाभा'च्या पुढं काय?" मी सांगितलं. लगेच विसरले. मी त्यांना असं कधीच बघितलं नव्हतं. ज्या माणसानं सराफाला, हवालदाराला, माझ्या अडाणी मामाला हसत हसत अणू समजावला, त्याला एक वाक्य जमेना!

रूळ बडवला गेला. तास संपला. दार बंद.

हेडमास्तर म्हणाले, "चिडले असतील. काही दिसलं नसेल."

जीपच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. साहेबांना पुढं तुळजापूरला जायचं होतं. दार बंदच. मधल्या सुट्टीचा रूळ झाला. पोरं डबे खाऊन आली. आतनं हूं न्हाय की चूं न्हाय.

आता हेडमास्तरांचा धीर सुटला. "अहो, गुदमरले की काय? त्या दादारावानं फटी न फटी लिंपल्यात! साहेबच गेले तर कायम कोण करणार? काझी, उघडा दार! मी न्हाय उघडणार, तुम्ही उघडा!"

सर दारापाशी गेले. कपाळावर घाम. सगळी मराठी गोळा करून हळूच म्हणाले, "साहेब... आत येण्याची... परवानगी..." आणि दार बोटभर ढकललं.

आतनं एकदम कल्ला झाला.

"अरे दरवाजा लगाओ जी मास्टर! उजाला आरा!"

आम्ही तिघं गार! हेडमास्तरांनी माझा हात धरला. हा आवाज कुणाचा? बोली तर थेट अम्मींची, आणि आत साहेबांशिवाय कुणी न्हाय!

"खडे क्या हो? अंदर आओ, जल्दी! ये देखो, ये उडा! वो देखो, वहाँ! पिच्छे लगाओ दरवाजा!"

सर आत शिरले. दार लागलं. आम्ही दोघांनी दाराला कान लावले. आधी सरांचा आवाज आला, चाचरत, पाठ केलेल्या मराठीत, "अणूच्या केंद्रस्थानी... गाभा... गाभा असतो, आणि..."

पुढचं आठवेना. परत "गाभा..." मी बाहेरनं ओठ हलवत होतो, जणू त्यांना दिसणारच होतं.

आणि मग साहेब, हळू आवाजात, घरच्या माणसाशी बोलावं तसं:

"बोलो मास्टर, जैसा आता वैसा बोलो. अंधेरे में कौन देखरा!"